फुप्फुसातली बुरशी

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न "ऑक्सिजन किती?" आणि दुसरा "स्कोअर किती?" असा असायचा. आठवतंय ना मंडळी? छातीचा सीटी स्कॅन काढायचा आणि पंचविसापैकी किती आकडा आला ते सगळ्या नातेवाइकांना कळवायचं. शाळेत पंचविसापैकी मार्क सांगायला जे लाजायचे, तेही इथं बिनदिक्कत सांगत होते. फक्त या परीक्षेत जितके मार्क कमी तितका घरात आनंद जास्त!

तो स्कोअर नेमकं काय सांगायचा? फुप्फुसांचा किती भाग बिघडला आहे, एवढंच. निरोगी फुप्फुसात हवा असते, म्हणून ते स्कॅनवर काळं दिसतं. सूज आली, पाणी धरलं की तिथं धुरकट पांढरे डाग येतात, थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरते तसे. पण ही वाफ कुणी सोडली, ते चित्रात लिहिलेलं नसतं. विषाणूमुळे असे डाग पडतात, जिवाणूमुळे पडतात आणि बुरशीमुळेही पडतात. त्या दिवसांत मात्र डाग दिसले की कोविड, असं समीकरण होऊन बसलं होतं. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही होतं. आजचा लेख उरलेल्यांबद्दल आहे.

मी काही डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि सगळी नोकरी इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेली. पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कुठलंही नाव दिसलं की ते कुणी दिलं, केव्हा दिलं आणि कशावरून दिलं, हे त्याला विचारल्याशिवाय राहवत नाही. आजारांची नावं याला अपवाद कशी असतील?

बुरशी म्हटलं की आपल्या पनवेलकरांना काही नवल नाही. आषाढ-श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर, पापडाच्या डब्यात, पुस्तकांच्या कण्यावर ती हजर असते. आपल्या रायगडातल्या शेतकऱ्याला भातावरचा करपा ठाऊक आहे, नाशिकच्या बागायतदाराला द्राक्षावरची भुरी आणि देशावरच्या शेतकऱ्याला गव्हावरचा तांबेरा. ही सगळी एकाच गोतावळ्यातली मंडळी. पिकांच्या रोगांत बुरशीचा वाटा फार मोठा. माणसाच्या रोगांत तुलनेनं लहान. कारण आपलं शरीर बुरशीला गरम पडतं. सदतीस अंश सेल्सिअसला बऱ्याचशा बुरशा वाढूच शकत नाहीत. बुरशीचे बीजाणू आपण दर श्वासाबरोबर आत घेतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते गुपचूप निस्तरतात. हा पहारा ढिला पडला, की मग मात्र पंचाईत होते. आणि अशा रोग्यांची संख्या थोडी असल्यामुळेच डॉक्टरांच्या मनात बुरशीचं नाव सहसा शेवटी येतं.

आता जरा मागे जाऊ. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला. आधी गोदीवरचे पोलीस शिपाई आजारी पडले, मग शहर, मग रेल्वेच्या वाटेनं सगळा देश. त्या वेळी जगभरातल्या बऱ्याच डॉक्टरांची खात्री होती की हा आजार फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये शोधलेल्या जिवाणूमुळे होतो. त्याचं नावच इन्फ्लुएन्झाचा जिवाणू! माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा खरा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. म्हणजे शतकातली सर्वात मोठी साथ येऊन गेली, कोट्यवधी माणसं गेली, आणि दोषी म्हणून ज्याचं नाव लागलं होतं तो भलताच निघाला.

यातून वैद्यकानं धडा घेतला आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९४० च्या दशकात न्यूमोनियाच्या रोग्याच्या थुंकीत नेहमीचे जिवाणू सापडले नाहीत की "विषाणूचा असेल" असं म्हणायची पद्धत पडली. दुसरं महायुद्ध चालू होतं, छावण्यांमध्ये दाटीवाटीनं राहणाऱ्या जवानांना असला न्यूमोनिया पुष्कळ होत होता आणि अमेरिकन लष्करानं त्याच्या अभ्यासासाठी खास मंडळ नेमलं होतं.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात कॅम्प ग्रुबर नावाची छावणी होती. त्या भागात चक्रीवादळं फार, म्हणून जमिनीखाली आसऱ्यासाठी तळघरं बांधलेली असत. १९४४ साली अशा एका ओसाड तळघरात गेलेले जवान काही दिवसांनी एकापाठोपाठ एक आजारी पडले. ताप, खोकला, छातीत दुखणं, एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत डाग. दोन डझनांहून जास्त जवान, पण जिवाणू सापडेना. काही तरी वेगळ्याच तऱ्हेचा न्यूमोनिया, अशी नोंद झाली. जवान बरे झाले, युद्ध संपलं, छावणी विसरली गेली. पण त्या वेळच्या डॉक्टरांनी कागदपत्रं नीट ठेवली होती (याला म्हणतात दप्तर!). पुढं त्याच जवानांच्या पुन्हा तपासण्या झाल्या आणि १९५६ साली निष्कर्ष छापून आला, की हा हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचा प्रताप होता. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेनं माजलेल्या मातीत ही बुरशी वाढते. माती ढवळली की बीजाणू उडतात आणि बंद जागेतले सगळे एकदम आजारी पडतात. बारा वर्षांनी का होईना, नाव दुरुस्त झालं.

या बुरशीच्या नावाचीही एक गंमत आहे. पनामा कालव्याचं काम चालू असताना तिथल्या इस्पितळात सॅम्युअल डार्लिंग नावाचे डॉक्टर शवविच्छेदनं करीत. १९०५ च्या डिसेंबरात त्यांनी मार्टिनिक बेटावरून आलेल्या एका मजुराचा देह तपासला. सगळ्यांना वाटत होतं क्षय. डार्लिंगना पेशींमध्ये बारीक गोल जीव दिसले. त्यांना वाटलं, हा मलेरियाच्या जंतूसारखा कुणी तरी आहे आणि त्याच्याभोवती कवच आहे. म्हणून नाव ठेवलं हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम. पुढं कळलं की तो मलेरियाच्या जातीचा नाही आणि त्याला कवचही नाही. १९३४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर ती बुरशी आहे हे पक्कं झालं. नाव मात्र आजही तेच आहे. व्याकरणात आपण याला रूढ शब्द म्हणून सोडून देतो.

अशा उदाहरणांना तोटा नाही. १८९० च्या सुमारास पॅरिसमध्ये कबुतरं चारण्याचा धंदा करणारी माणसं होती. ती दाणे स्वतःच्या तोंडात घेऊन कबुतराच्या चोचीत भरवीत. त्यांना क्षयासारखा खोकला आणि रक्त पडण्याचा आजार होई. तपासल्यावर निघाली अ‍ॅस्परजिलस ही दाण्यांवरची बुरशी. (२०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून जो गदारोळ झाला तेव्हा मला हे पॅरिसवाले आठवले. अर्थात कबुतरांच्या विष्ठेचा आणि पिसांचा जो मुख्य त्रास फुप्फुसांना होतो तो अ‍ॅलर्जीचा, संसर्गाचा नव्हे. दोन्ही गोष्टींची भेसळ करू नये.) आणि न्यूमोसिस्टिस नावाचा जीव तर १९०९ पासून माहीत असूनही १९८८ पर्यंत प्राणिवर्गातला, मलेरियाच्या भाऊबंदांतला मानला जात होता. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजलिसच्या पाच तरुणांना याच जीवाचा न्यूमोनिया झाल्याची छोटीशी नोंद छापून आली आणि त्यातून जगाला एड्सची पहिली चाहूल लागली. तो जीव बुरशी आहे हे ठरायला आणखी सात वर्षं लागली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ.

म्युकरमायकोसिस हा शब्द २०२१ च्या मे महिन्यापर्यंत आपल्यापैकी किती जणांनी ऐकला होता? महिनाभरात तो पानाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. वर्तमानपत्रांनी त्याला "काळी बुरशी" केलं. खरं तर ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त पुढं जाऊ देत नाही, मग पुढचा भाग मरतो आणि काळा पडतो. काळं दिसतं ते आपलंच मेलेलं मांस. भारतात हा आजार नवा नव्हता. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेत डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी कोविडच्या कितीतरी वर्षं आधीपासून सांगत होते की मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना हा आजार आपल्याकडे जगाच्या तुलनेत फार जास्त होतो. पण तो विषय डॉक्टरांच्या परिषदांपुरता राहिला.

दुसऱ्या लाटेत सगळं एकदम जुळून आलं. मधुमेह तर घरोघरी. त्यात कोविडनं साखर आणखी वाढवलेली. त्यात स्टेरॉइड. इथं स्टेरॉइडला सरसकट शिव्या घालणं अन्यायाचं होईल. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात हे कळलं. रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस आणि तेही ज्यांना ऑक्सिजन लागतो अशांनाच, असं ते प्रमाण होतं. आपल्याकडे ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चिठ्ठ्यांवर, घरी बसून, ऑक्सिजन उत्तम असलेल्यांनीही घेतलं. स्टेरॉइड पांढऱ्या पेशींचा पहारा ढिला करतं आणि साखर चढवतं. साखर फार चढून रक्त आंबट झालं की रक्तात बांधून ठेवलेलं लोह मोकळं होतं, आणि लोह म्हणजे म्युकरचं आवडतं खाद्य. बुरशीला पायघड्या घालायच्या म्हटलं तर याहून वेगळं काय केलं असतं?

२८ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी जो आकडा दिला तो देशभरात ४०,८४५ रुग्णांचा होता. मृत्यू ३,१२९. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत सर्वाधिक. आता यातला पुढचा आकडा बघा. ४०,८४५ पैकी ३१,३४४ जणांचा आजार नाक, डोळा आणि मेंदू या वाटेचा होता. म्हणजे दर चारांतले तीन. ही वाट डोळ्यांना दिसणारी आहे. गाल सुजतो, डोळा बाहेर येतो, टाळूवर काळा डाग पडतो. घरचा माणूसही म्हणतो, "अरे, हे काही तरी वेगळं आहे." कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बीण घालून नमुना घेतात आणि निदान होतं.

फुप्फुसात शिरलेल्या बुरशीला असा चेहरा नसतो. तिची लक्षणं म्हणजे ताप, खोकला, धाप. कोविडचीही तीच. स्कॅनवर डाग. कोविडचेही तसेच. नक्की करायचं तर फुप्फुसात दुर्बीण घालून आतून नमुना काढावा लागतो आणि त्या दिवसांत ही तपासणी डॉक्टर शक्यतो टाळत होते, कारण तिच्यात विषाणू हवेत उडून सगळा कर्मचारीवर्ग आजारी पडण्याची भीती होती. शवविच्छेदनं तर फारच थोडी झाली. म्हणजे जिवंतपणी नमुना नाही आणि मेल्यावर तपास नाही. या स्थितीत बुरशी "कोविड न्यूमोनिया" या नावाखाली निवांत बसू शकते. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही) १८७६ साली जर्मनीत फ्यूरब्रिंगर यांनी म्युकरच्या आजाराची जी सुरुवातीची नोंद केली ती फुप्फुसातलीच होती. माहिती दीडशे वर्षांची जुनी, पण नजर मात्र नाकाडोळ्यांवर.

आमच्या नात्यातच हे घडलं, म्हणून मी यात इतका शिरलो. घरची मंडळी ओळखतीलच, तेव्हा नाव लिहीत नाही. आमचा एक मावसभाऊ, वय एकसष्ट, पेणच्या बाजूला भाताची गिरणी. मधुमेह पंधरा वर्षांचा, पथ्य नावापुरतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ताप आला. आरटी-पीसीआर निगेटिव्ह, स्कॅनचा स्कोअर अकरा. त्या दिवसांत निगेटिव्ह रिपोर्टावर कुणाचा विश्वास नव्हता, कारण खऱ्या रोग्यांचाही रिपोर्ट कधी कधी निगेटिव्ह येत असे. कोविड धरून उपचार सुरू झाले. रेमडेसिविर, स्टेरॉइड, ऑक्सिजन. रेमडेसिविरसाठी भाचा दोन रात्री रांगेत उभा होता. चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा ताप, साखर चारशेच्या वर, आणि एका पहाटे खोकल्यातून रक्त.

मुंबईला हलवल्यावर तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून बघितले. कोविडचे डाग सहसा दोन्ही बाजूंना, खालच्या आणि कडेच्या भागात पसरलेले असतात. याचा मुख्य डाग उजव्या बाजूला वरच्या कप्प्यात होता आणि तो वाढतच चालला होता. त्यांनी वहिनींना कागदावर चित्र काढून दाखवलं. आपण चंद्राला खळं पडलं म्हणतो ना, तसं मध्ये घट्ट आणि भोवती धुरकट कडं दिसलं तर अ‍ॅस्परजिलसची शंका घेतात. इथं उलटं होतं. मध्ये धुरकट आणि भोवती घट्ट कडं. उलटं खळं. ते दिसलं की म्युकरची शंका घ्यायची. "दुर्बिणीनं नमुना काढू या. धोका आहे, पण न काढण्यात जास्त आहे," असं त्या म्हणाल्या. वहिनींनी सही केली.

नमुन्याची पहिली तपासणी अगदी साधी असते. काचपट्टीवर नमुना घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. माणसाच्या पेशी विरघळतात, बुरशीची भिंत चिवट, ती उरते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, उसासारखी पेरं असलेले, फाटा फुटतो तो तिरपा. म्युकरचे तंतू रुंद, बिनपेरांचे, फितीसारखे वळकटलेले, आणि फाटा बऱ्याचदा काटकोनात. एवढा फरक सांगायला मोठं यंत्र लागत नाही. सवयीचे डोळे लागतात. आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर चालत नाही. "बुरशी आहे" एवढं म्हणून भागत नाही, कोणती आहे ते सांगावं लागतं.

भाऊचं निदान त्याच दिवशी संध्याकाळी झालं. म्युकर. औषध सुरू झालं, साखर आटोक्यात आणली, आणि पुढं फुप्फुसाचा तो कप्पा कापून काढावा लागला. तो वाचला. फुप्फुसातल्या म्युकरमधून निम्म्याहून अधिक रोगी जातात, हे आम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, हे बरंच झालं.

पुढं घरात वाद झाला, तो अजून अधूनमधून होतो. भाऊला मुळात कोविड झाला होता का? की पहिल्यापासून बुरशीच होती? पहिल्या डॉक्टरांनी चूक केली का? भाच्याचं म्हणणं, केलीच. माझं मत वेगळं आहे. ज्या आठवड्यात वॉर्डात आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला एकच आजार आहे, त्या आठवड्यात त्याच लक्षणांच्या माणसाला तोच आजार आहे असं धरणं हा मूर्खपणा नव्हे, तो हिशेब आहे. पण हिशेब रोज नव्याने तपासायला हवा होता. निगेटिव्ह रिपोर्ट, एकाच बाजूला वाढणारा डाग, चढती साखर आणि उतरून पुन्हा चढलेला ताप, या चार गोष्टी एकत्र आल्यावरही पाच दिवस कुणी पाटी पुसली नाही, ही माझी तक्रार आहे. ती त्या एका माणसाविषयी नाही. साठ खाटांवर दोन डॉक्टर असतील तर पाटी पुसणार कोण?

मात्र याच्या उलट बाजूनेही घसरण आहे. मे २०२१ मध्ये पाटण्याहून बातमी आली की चार रोग्यांची लक्षणं कोविडची, चाचण्या निगेटिव्ह, आणि निघाली "पांढरी बुरशी". बुरशीचं औषध दिल्यावर ते बरे झाले. लगेच गाझियाबादहून "पिवळी बुरशी" आली. शेवटी एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना सांगावं लागलं की बुरशीला रंगानं ओळखू नका, नावानं ओळखा. पाटण्याची ती पांढरी म्हणजे कँडिडा. ती निरोगी माणसाच्या तोंडातही सुखानं नांदत असते. थुंकीत कँडिडा दिसली म्हणजे फुप्फुसात तिचाच आजार आहे असं होत नाही, असं बुरशीतज्ज्ञ तेव्हाच म्हणाले. हवेतल्या बुरशांचंही तेच. नमुन्यात एखादा बीजाणू पडलेला असणं वेगळं आणि तंतू मांसात घुसलेले दिसणं वेगळं. दारात उभा दिसला म्हणून कुणी चोर ठरत नाही.

औषधाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. म्हणजे मातीतली बुरशी आणि तिच्यावरचं औषधही मातीतलंच. जुनं साधं औषध मूत्रपिंडांना फार त्रास देतं, म्हणून चरबीच्या सूक्ष्म थेंबांत घातलेलं नवं वापरतात. ते वजनाच्या किलोमागे रोज पाच मिलिग्रॅम द्यायचं. साठ किलोच्या माणसाला तीनशे मिलिग्रॅम. एका कुपीत पन्नास. म्हणजे दिवसाला सहा कुप्या, आणि हे आठवडेच्या आठवडे! एका कुपीची किंमत हजारांत. त्या मे महिन्यात ते कुठल्याच दुकानात मिळेना. आपल्या जवळच्या अंबरनाथला भारत सीरम्सच्या कारखान्यात ते आधीपासून बनत होतं, पण एका वर्षाची मागणी एका आठवड्यात आली तर कारखाना काय करील? महिनाअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनेही उत्पादन सुरू केलं. राज्य सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या आजाराचे उपचार घेतले, त्यानं पुष्कळ कुटुंबं कर्जातून वाचली.

२० मे २०२१ रोजी केंद्रानं राज्यांना कळवलं की साथरोग कायद्याखाली म्युकरच्या प्रत्येक रोग्याची नोंद सक्तीची करा. हा कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईघाईनं केलेला. त्या प्लेगचं निदानही एका माणसाच्या नजरेमुळे झालं होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात लोक तापानं मरत होते आणि डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी हा साधा ताप नाही, गाठीचा प्लेग आहे, असं स्पष्ट सांगितलं. बरेच जण ते मानायला तयार नव्हते. शाळेत मी हा धडा अनेक वर्षं शिकवला. रँड आणि चापेकरांपर्यंत पोचायच्या घाईत व्हिएगस एका वाक्यात उरकले जातात, हे पाठ्यपुस्तकाचं दुर्दैव.

युरोपात या प्रश्नाकडे लोकांचं लक्ष जरा आधी गेलं होतं. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर (भारतातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला, ते वर्ष आपण विसरलेलो नाही) हॉलंड आणि बेल्जियमच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की अतिदक्षता विभागातले फ्लूचे काही रोगी फ्लूनं नव्हे, त्यामागून शिरलेल्या अ‍ॅस्परजिलसनं मरताहेत. त्यांनी सात अतिदक्षता विभागांतल्या ४३२ रोग्यांची दप्तरं तपासली. ८३ जणांना फुप्फुसातली बुरशी झाली होती. शंभरात एकोणीस! हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, म्हणजे कोविडच्या दोनच वर्षं आधी. तेव्हापासून तिथं मरणासन्न फ्लू-रोग्याच्या फुप्फुसातलं पाणी बुरशीसाठी तपासायची पद्धत रुळत चालली. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं माणसाला धोकादायक अशा एकोणीस बुरशांची यादी पहिल्यांदाच जाहीर केली. त्यात अ‍ॅस्परजिलस पहिल्या गटात आहे. म्युकर आणि पनामाचा तो हिस्टोप्लाझ्मा दुसऱ्या गटात. जिवाणूंची अशी यादी २०१७ मध्येच झाली होती. इथंही बुरशीचा नंबर मागूनच.

परदेशातल्या भाचरांसाठी एक शेवटची गोष्ट, विशेषतः अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियात असलेल्यांसाठी. तिथल्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते आणि धुळीबरोबर ती फुप्फुसात जाते. तिकडे या आजाराला व्हॅली फीवर म्हणतात. १८९२ मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये पोसादास नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं तो प्रथम नोंदवला. हाही आधी प्राणिवर्गातला जीव समजला गेला. प्रयोगशाळेत तो वाढवायला गेलं की तबकडीत नुसती बुरशी उगवे आणि बाहेरून काही तरी पडलं म्हणून ती फेकून देत. १९०० साली ऑफ्युल्स आणि मॉफिट यांच्या ध्यानात आलं की फेकून देतोय तोच आजार आहे! पुढं १९२९ मध्ये स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्यानं जुनी तबकडी उघडून चुकून बीजाणू हुंगले, त्याला न्यूमोनिया झाला आणि सगळ्यांच्या अंदाजाविरुद्ध तो बराही झाला. तेव्हा कळलं की हा आजार पुष्कळदा साध्या न्यूमोनियासारखा येऊन जातो. टुसॉन शहरातल्या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या ५५ रोग्यांची तपासणी केली तर १६ जणांना हीच बुरशी निघाली, असा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. ती त्या मातीतलीच, त्यामुळे तिकडून सुट्टीला आलेल्या माणसाचा न्यूमोनिया इथं औषधांना दाद देत नसेल, तर इथल्या डॉक्टरांना "मी फीनिक्सला राहतो" हे आवर्जून सांगायला हवं. ते आपणहोऊन विचारतीलच असं नाही.

आमची पुतणी तिथंच असते. दोन हिवाळ्यांपूर्वी तिला खोकला झाला, दहा दिवस हटेना. तिकडच्या डॉक्टरांनी आपणहून व्हॅली फीवरची रक्ततपासणी लिहून दिली. इकडे आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. साधा फ्लू.